एकेचाळीस वर्षांचा नवा खेळाडू

वर्षावासातल्या एका रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर मुलांना एक चित्रपट दाखवायचे ठरले. मंडळातल्या एका तरुणाने प्रोजेक्टर आणला, पांढरी चादर भिंतीवर ताणली आणि मोबाईलवरून ‘कौन प्रवीण तांबे?’ लावला. चित्रपट तसा जुना झाला. १ एप्रिल २०२२ रोजी तो थेट डिस्ने हॉटस्टारवर आला. त्यामुळे चित्रपटगृहात जाऊन पाहणाऱ्या आपल्या पुष्कळ लोकांच्या तो नजरेतून सुटला. दिग्दर्शक जयप्रद देसाई, आणि तांबेंच्या भूमिकेत श्रेयस तळपदे. सतरंजीवर पुढे पंधरा-वीस पोरे, मागे बायका, भिंतीला टेकून आम्ही म्हातारे. सव्वादोन तास कोणी उठले नाही. पण खरी गंमत चित्रपट संपल्यावर झाली. त्याबद्दलच लिहायचे आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ही कल्पित कथा नव्हे. प्रवीण तांबे यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९७१ चा. मुंबईतल्या चाळीतला मुलगा. मनात एकच ध्यास, मुंबईकडून रणजी खेळायचे. भारताकडून नव्हे, नुसते मुंबईकडून, निदान एक सामना. वीस वर्षे निवड चाचण्या, क्लबचे सामने, कंपन्यांचे सामने. नाव काही यादीत येत नाही. आणि मग २०१३ साली, प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळलेला हा माणूस वयाच्या ४१ व्या वर्षी आयपीएलमध्ये राजस्थानच्या संघातून मैदानात उतरतो. त्याच्या वयाचे खेळाडू तोवर निवृत्त होऊन दूरदर्शनसंचावर तज्ज्ञ म्हणून बोलायला लागले होते. राजस्थानचा कर्णधार होता राहुल द्रविड. द्रविडने पुढे एका भाषणात, मोठमोठे खेळाडू बाजूला ठेवून, मुद्दाम तांबेंचीच गोष्ट सांगितली. ते भाषण चित्रपटाच्या जाहिरातीतही घेतले आहे.

त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये तांबेंनी पाच सामन्यांत १२ बळी घेतले. सगळ्या स्पर्धेत सर्वांत जास्त. आणि २०१३-१४ च्या हंगामात, वयाच्या ४२ व्या वर्षी, मुंबईची रणजी टोपी एकदाची डोक्यावर चढली.

५ मे २०१४ चा अहमदाबादचा सामना तर आमच्या पोरांनी मोबाईलवर पुन्हा पुन्हा लावून पाहिला. कोलकात्यापुढे १७१ धावांचे आव्हान होते आणि एकही गडी न गमावता त्यांच्या १२१ धावा झाल्या होत्या. सामना संपल्यातच जमा. आणि बघता बघता ६ बाद १२३! त्यात तांबेंची हॅट्‌ट्रिक. तीही अशी की पहिला बळी वाईड चेंडूवर यष्टिचीत होता, म्हणजे मोजलेल्या दोनच चेंडूंत तीन गडी. राजस्थानने तो सामना दहा धावांनी जिंकला. हे सगळे एखाद्या लेखकाने लिहिले असते तर लोक म्हणाले असते, काहीही दाखवतात.

तळपदेंच्या कामाबद्दल एक सांगायला हवे. २००५ साली नागेश कुकुनूर यांच्या ‘इक्बाल’मध्ये हाच नट मुका-बहिरा कोवळा गोलंदाज झाला होता. तिथे मुलगा विशीच्या आत आणि दरवाजा उघडतो. सतरा वर्षांनी तोच चेहरा, डोळ्यांखाली सुरकुत्या, आणि दरवाजा उघडतच नाही. दोन्ही चित्रपट पाहिलेल्या माणसाला वय कसे दिसते ते वेगळे सांगावे लागत नाही. आईचे काम छाया कदम यांनी केले आहे. ‘फँड्री’तली जब्याची आई आपण विसरलेलो नाही. पत्नी झाली आहे अंजली पाटील, पा. रंजित यांच्या ‘काला’त जिला आपण पाहिले तीच. प्रशिक्षकाच्या भूमिकेत आशिष विद्यार्थी आहेत. नायकाला सतत हिणवणारा एक पत्रकार मात्र फारच सिनेमावाला वाटतो. वीस वर्षे एखाद्याला बाहेर ठेवायला एवढ्या मोठ्या खलनायकाची गरज नसते. यादी करणारा कारकुनासारखा यादी करतो आणि चहा प्यायला जातो, तेवढे पुरते.

तर चित्रपट संपला, दिवे लागले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून चार शब्द बोलणार, तेवढ्यात मागून एका बाईंनी विचारले, “भाऊ, सगळं खरं. पण वीस वर्षं त्याचं घर कोणी चालवलं?”

या ताई एका इस्पितळात साफसफाईच्या कामाला आहेत. कंत्राटी. नवरा नाही. मुलगा सतरा वर्षांचा, अकरावीत, आणि शाळेपासून क्रिकेटचे वेड. तो पुढच्याच रांगेत बसला होता. आईचा प्रश्न ऐकून त्याने मान खाली घातली.

प्रश्न अगदी योग्य होता आणि चित्रपटात त्याचे उत्तर आहे, पण ते पाहायला डोळे तसे लागतात. पोरांना दिसते ती जिद्द. हार मानू नका, हा संदेश घेऊन ती घरी जातात. मला मात्र त्या चित्रपटात पगार दिसला. तांबे इतकी वर्षे टिकले, कारण मुंबईत तेव्हा कंपन्यांचे क्रिकेट होते. १९३० च्या सुमारास सुरू झालेली टाइम्स शील्ड ही कार्यालयांची स्पर्धा. बँका, रेल्वे, गिरण्या, जहाज कंपन्या आपापले संघ ठेवत. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळे, आणि सामन्याच्या दिवशी हजेरी लागे. शिवाय १९४८ पासून चालत आलेली, भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग. तांबे ओरिएंट शिपिंग या कंपनीकडून खेळले. कंपनीची नोकरी आणि कंपनीचा संघ या दोन खांबांवर त्यांचे घर आणि खेळ दोन्ही उभे होते. ते खांब हलले तेव्हा काय झाले तेही चित्रपट लपवत नाही. नायक रात्री डान्सबारमध्ये वेटरचे काम करतो आणि दिवसा मैदानावर जातो. तो प्रसंग सुरू असताना विहारात बायकांची कुजबूज थांबली होती. रात्रपाळी करून सकाळी दुसऱ्या कामाला जाणे म्हणजे काय, हे तिथे बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक होते.

आमच्यातले एक काका पालिकेतून निवृत्त झालेले. ऐन तारुण्यात ते कबड्डी खेळत. चाळीच्या मंडळाकडून खेळता खेळता एका कारखान्याच्या संघाने त्यांना उचलले आणि नोकरीला लावले. ते म्हणाले, “आमच्या वेळी चढाई चांगली केली की नोकरी मिळायची. आता नोकरी कंत्राटी. कंत्राटदार कुठं संघ काढतो?” मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांचे संघ गेले. कायम नोकऱ्या कमी झाल्या. ज्या शिडीवरून तांबे चाळिशीपर्यंत चढत राहिले त्या शिडीच्या पायऱ्या आज निखळलेल्या आहेत. चित्रपट पाहून मुलाला ‘जिद्द ठेव’ म्हणणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे. मुलाची जिद्द कमी पडत नाही. हजेरी लावणारा कोणी उरलेला नाही.

म्हणून जिद्द फुकट का? तसे नव्हे. उलट तांबेंच्या गोष्टीतला सर्वांत मोठा धडा टाळ्यांच्या प्रसंगात नाहीच. तो त्याआधी येतो. तांबे मूळचे मध्यमगती गोलंदाज. धावत येऊन जोरात चेंडू टाकायचा. तिशी जवळ आली की असल्या गोलंदाजाचे गुडघे आणि पाठ कुरकुर करू लागतात, आणि मागून विशीची पोरे येतात. त्यांना लेगस्पिन टाक, असे सांगण्यात आले. चित्रपटात हा सल्ला प्रशिक्षक देतो आणि नायक कितीतरी काळ तो मानत नाही. आपण वेगवान गोलंदाज आहोत, हे त्याने मनाशी घट्ट धरलेले असते. लेगस्पिन म्हणजे मनगटाची कला. चेंडू तिसऱ्या बोटाने आणि मनगटाने असा फिरवायचा की टप्पा पडल्यावर तो उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून बाहेर वळेल. शिकायला अवघड, पण वयाला मानवणारी. धावायला चारच पावले लागतात. डोके आणि बोटे म्हातारी होत नाहीत, उलट शहाणी होतात. तांबेंनी हट्ट सोडला आणि मगच वाट सापडली.

भगवंतांनी सोण भिक्खूला सांगितलेली वीणेची गोष्ट आपल्याकडे धम्मप्रवचनात नेहमी ऐकायला मिळते. सोणाने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ केले आणि तरी काही साधेना, म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. पूर्वी तो वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वाजतात का? फार सैल सोडल्या तर? वीर्य हवेच, पण ते बेताचे आणि योग्य दिशेचे. नुसते पाय फोडून घेणे म्हणजे वीर्य पारमिता नव्हे. लेगस्पिन हातात घेणारा तांबे मला त्या वीणेची तार सैल करणाऱ्या सोणासारखा वाटला. पोरांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एकाने विचारले, “म्हणजे काका, सोणाने पण बॉलिंग बदलली?” विहारात हशा पिकला. पण त्याला मुद्दा कळला होता.

आता थोडे आपल्या घरचे.

चित्रपटात तांबेंना उशीर का होतो? नशीब, निवड समिती, दुखापत, चुकीची शैली, अशी कारणे येतात. ती खरी असतील. परंतु खेळाडूचे वय वाया जाण्याचे आणखी एक कारण आपल्या देशात होते आणि त्याचे नाव कुठल्याही निवड समितीने कधी कागदावर लिहिले नाही. मी मुलांना विचारले, बाळू पालवणकर कोण? एकालाही सांगता आले नाही. ‘कौन प्रवीण तांबे?’ हा प्रश्न विचारणारा चित्रपट निघाला, पण कोण बाळू पालवणकर, हे आपल्या विहारातल्या मुलांनीही विचारू नये, याचे वाईट वाटले.

पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात मैदानावर कामाला लागले. आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपये, मग इंग्रजांच्या क्लबात चार रुपये. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळ्या बांधायच्या, आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. फलंदाजी मात्र करायची नाही. ती साहेबांची. अशी तासन्‌तास गोलंदाजी टाकून टाकून हा माणूस देशातला पहिल्या प्रतीचा डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदूंना इंग्रजांना हरवायचे होते, तेव्हा बाळूचा हात हवा झाला. चेंडू त्याच्या हातून घेत होते, चहा मात्र त्याला तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवण वेगळे.

पुढे ते मुंबईला आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले तेव्हा बाळू संघात होते. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बहुतेक सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. संघात त्यांच्याइतका मोठा आणि अनुभवी खेळाडू नव्हता. तरी कर्णधारपद? ते कधीच मिळाले नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी एका सत्कारात स्वतःच बोलून दाखवले की हा मान बाळूंचा होता. असे प्रांजळपणे बोलणाऱ्या माणसाचे कौतुक करावे. पण मान काही त्याने बाळूंकडे गेला नाही.

आणि आता वयाची गोष्ट. १९२० साली बाळू चव्वेचाळीसच्या घरात होते. चौरंगी स्पर्धेत त्यांना संघातून वगळले. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम, दोघेही संघातले खंदे फलंदाज, निषेध म्हणून बाहेर पडले. का बाहेर पडलो ते त्यांनी जाहीरपणे सांगितले. जातीचा प्रश्न मैदानावर उघड मांडला गेला. चर्चा झाली, दडपण आले. अंतिम सामन्याला तिघेही भाऊ परत आले आणि बाळूंना उपकर्णधार केले गेले. सामन्यात पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. पंचवीस वर्षांच्या खेळाला मिळालेला मान तो एवढाच. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, धाकटे भाऊ विठ्ठल मात्र हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहून ठेवले आहे. रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथामुळे ही सारी हकीकत पुन्हा उजेडात आली. मूळ पुस्तक मात्र आपल्या वाचनालयांत शोधावे लागते.

बाळूंचे नाव निघाले की एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूंचे मोठे कौतुक होते, असे अभ्यासक लिहितात. परंतु पुढे पुणे कराराच्या वेळी बाळू दुसऱ्या बाजूला उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार म्हणून त्यांनाच उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. काही जुन्या मंडळींनी यामुळे बाळूंचे नाव घेणे सोडले. मला ते पटत नाही. राजकारणात ते आपल्या विरोधात गेले, हे लिहावे. आणि मातीच्या भांड्यातून चहा पिऊन त्यांनी ज्या हाताने इंग्रज लोळवले तो हात आपला होता, हेही लिहावे.

या दोघा फिरकी गोलंदाजांना मी शेजारी का बसवतो आहे? कारण पोरांनी घरी जाताना एक फरक घेऊन जावा, असे वाटते. एकाला वीस वर्षे संघात घेतले नाही आणि शेवटी घेतले. दुसऱ्याला संघात घेतले, पंचवीस वर्षे राबवले, पण पुढे उभे केले नाही. पहिल्याच्या बाबतीत धीर धरून, चुका सुधारून रस्ता निघाला. दुसऱ्याच्या बाबतीत नुसता धीर धरून काही झाले नसते. बाळू तर धीराचा पुतळाच होते. काम झाले ते दोन भाऊ संघाबाहेर पडले तेव्हा. तांबेंच्या चित्रपटात जातीचा उल्लेख नाही आणि तिथे तो शोधण्याचेही कारण नाही. पण आपल्या मुलाला नाकारले जाते तेव्हा त्याची गोलंदाजी कमी पडली की आणखी काही, हे ओळखायला त्याला शिकवावे लागेल. दर वेळी जात असते असे नाही. कधीच नसते, असेही नाही. मार्च २०२२ मध्ये आलेल्या नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये झोपडपट्टीतली पोरे आणि मैदान यांच्या मध्ये एक भिंत दाखवली आहे. तांबेंच्या चित्रपटातली भिंत डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

असो. मी हे बोलत असताना त्या ताईंचा प्रश्न तसाच राहिला होता. वीस वर्षे घर कोणी चालवले? खरे उत्तर असे की चित्रपटातल्या प्रत्येक निवड चाचणीच्या मागे घरातले कोणीतरी उभे आहे. आई आहे, वडील आहेत, भाऊ आहे आणि लग्नानंतर पत्नी आहे. अंजली पाटील यांनी ही पत्नी रडूबाई केलेली नाही. ती चिडते, विचारते, हिशेब मागते आणि तरीही राहते. तांबेंच्या नावावर आयपीएलचे ३३ सामने आणि २८ बळी लिहिले आहेत. तिच्या नावावर काय लिहिले आहे? २०२२ मध्ये कोलकाता संघाच्या मंडळींनी तांबेंसह हा चित्रपट एकत्र पाहिला. तेव्हा तांबे त्यांच्या प्रशिक्षण पथकात होते. चित्रपट संपल्यावर बोलायला उभे राहिलेल्या त्या पन्नाशीतल्या माणसाला शब्द फुटेनात. डोळे पुसत उभा होता. ते रडणे नुसत्या हॅट्‌ट्रिकचे असेल, असे मला वाटत नाही.

मी ताईंना म्हणालो, “ताई, उत्तर तुम्हीच देऊ शकता.”

त्या मुलाकडे बघत म्हणाल्या, “त्याला बायको होती, भाऊ होता. इथं मी एकटी आहे. मी वीस वर्षं देऊ शकत नाही. दोन वर्षं देते.”

मुलगा म्हणाला, “आई, पण तांबे एकेचाळीस...”

“एकेचाळीसपर्यंत तो कामाला जात होता,” त्या म्हणाल्या. “तू बारावी कर. सकाळी खेळ, दुपारी कॉलेज. दोन वर्षांनी नाव आलं तर पुढचं बघू. नाही आलं तर नोकरी धर आणि रविवारी खेळ. खेळ सोड असं मी कधी म्हणणार नाही.”

कबड्डीवाले काका मध्ये पडले. म्हणाले, “रेल्वेत, पोलिसात, बँकेत अजून खेळाडूंच्या जागा निघतात. जाहिरातीवर लक्ष ठेवायला हवं. जिल्हा, राज्य पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र मात्र जपून ठेव. आमच्यातले किती जण प्रमाणपत्र हरवल्यामुळं राहिले.” मग त्यांनी त्याला अर्ज कुठे करायचा, जातीचा दाखला, शाळेचा दाखला, सगळे बोटांवर मोजून सांगितले. आमच्या मंडळाने आझाद मैदानावर सरावाला जाणाऱ्या दोन मुलांच्या लोकलच्या पासाचे पैसे वर्षभर द्यायचे, असे तिथल्या तिथे ठरले. वर्गणी काढणाऱ्याने वही आणली.

सतरंज्या गुंडाळताना तो मुलगा माझ्या मागे मागे होता. त्याला तांबेंचे काही विचारायचे नव्हते. तो विचारत होता की १९२० च्या त्या सामन्यात पै बाहेर गेल्यावर बाळूंनी गोलंदाजी कोणाला दिली. मला ते सांगता आले नाही. विठ्ठलरावांच्या पुस्तकात पाहू, म्हटले. त्याची आई दारात चपला घालून थांबली होती. पहाटे साडेपाचला तिची पाळी होती.